राणीच्या डोक्यावरचा पदर

प्रिय मामाजी,

'प्रिय' लिहिलं खरं, पण हात जरा थबकलाच. सुनेनं सासऱ्याला 'प्रिय' म्हणावं का, यावर आपल्या गावात एक बैठक सहज बसेल! आधी 'तीर्थरूप' लिहून पाहिलं. पण मग तुम्ही डोळ्यांपुढे येईनात, कोणीतरी फोटोतला म्हातारा यायला लागला. म्हणून प्रियच. तुम्ही चालवून घ्याल. याहून मोठ्या गोष्टी तुम्ही चालवून घेतल्या आहेत.

पत्राचं कारण असं, की दिवाळी झाली आणि आपल्या गावची मंडईची जत्रा भरली. तुमच्याशिवायची पहिली. हलका धान कापून झाला, भारी धान अजून शेताच्या बांधीत उभा आहे, आणि मैदानात शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, बांगड्यांची दुकानं, सगळं जिथल्या तिथं होतं. मैदानातलं गाण्याचं नाटक, आपली दंडार, तीही झाली. दरवर्षी दंडार संपली की तुम्ही घरापुढच्या सपरीत खाटेवर बसून कोण कुठे चुकलं ते सांगायचे, आणि त्यात माझा नंबर पहिला असायचा. यंदा चुका काढायला कोणी नव्हतं. घर इतकं गप्प होतं, की मला कंटाळा आला त्या गप्पपणाचा.

तेव्हा मीच सांगते काय झालं ते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगणार आहे. तुमचं कौतुक तुमच्या तोंडावर करायची सोय तुम्ही कधी ठेवलीच नाही. आता ऐका मुकाट्यानं.

लग्न होऊन मी सौंदडहून या घरात आले, त्या पहिल्या दिवाळीत शेजारणीनं मला सांगितलं होतं, "तुह्या सासऱ्यावाणी राणी चार गावात नाही पोरी!" मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा करते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर तुम्ही मिशा काढून अंगणात उभे! सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप आपटून म्हणाल्या, "बुढा जित्ता हाये घरात, अन् तुम्ही मिशा काढून राहिले! कोण मेलं म्हणून सांगू लोकाईले?" बाप गेल्याशिवाय मिशीला हात लावायचा नाही ही रीत, आणि तुमचे वडील तिथंच बसून चहा पीत होते. सगळ्यांत जास्त तेच हसले.

मंडईच्या दिवशी कळलं. भर दुपारी, मैदानात, लोकांच्या गोलात आपल्या गावची दंडार रंगली. ढोलकी, टाळ, पेटी, गाणं. राजा राणीवर आळ घेतो आणि तिला राज्याबाहेर काढतो, ही आपल्या गावची जुनी गोष्ट. राजा पुरुष, प्रधान पुरुष, दासी पुरुष, आणि राणी तुम्ही. लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून तुम्ही आलात, आणि मी तोंडावर हात ठेवला. काय देखणे दिसत होता! तालुक्याला गोरेगावच्या बाजारात भाजीवाले तुम्हाला 'या राणीसाहेब' म्हणायचे, आणि तुम्ही मान अशी काही वळवायचे की टमाटर स्वस्तात मिळायचे.

सासूबाई मात्र एकदाही मैदानात आल्या नाहीत. बोअरिंगवर पाणी भरताना बाया त्यांना म्हणायच्या, "जा ना वं, तुही सवत नाचून राहिली मैदानात!" हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण त्यांना ते लागायचं. मंडईच्या दिवशी त्या दार ओढून घरात बसायच्या. पाहुण्यांचा स्वयंपाक आहे, हे कारण कायमचं.

आता एक सांगते, रागावू नका. तुम्ही राणी व्हायचे म्हणून काही फार पुढारलेले होता असं नाही हं. तुमचा देव करायचा नाही मला. मला शिवणक्लासला गोरेगावला जायचं होतं. नवऱ्याला विचारलं, तर दिलीप 'बाबांना विचार' म्हणाले, मी सासूबाईंकडून विचारलं, आणि तुम्ही तिकडूनच बोललात, "घरची सून रोज बसनं येजा करंन, अन् आमी पाहत बसू का?" तो क्लास राहिला तो राहिलाच. मी विसरलेले नाही, आणि तुम्हालाही तिथं विसरू देणार नाही!

तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळलेला चालायचा नाही. बोलायचं तर भिंतीकडे पाहून. मला राहून राहून वाटायचं, हे कसं आहे? तुम्ही लुगडं नेसून, डोकं उघडं ठेवून, सगळ्या गावापुढे गाता, आणि मी घरच्या अंगणात डोकं झाकून शेण उचलते. आपल्या घरात बाई कोण होती, मामाजी?

मग ती गुरांच्या कोठ्यातली सकाळ. सासूबाईंना घरात तालीम चालायची नाही, म्हणून तुम्ही बैलांसमोर राणीचं रडणं घोकत होता. मी शेणाची टोपली घेऊन आत आले. तुम्ही कपाळावर हात मारून, केस उपटून, जमिनीवर लोळण घेऊन रडत होता. बैलही मागे सरकले होते. मला हसू आवरेना. पदरात तोंड खुपसलं तरी आवाज निघालाच.

"काऊन हासली?" तुम्ही उठून बसलात.

मी टोपली घेऊन मागे वळले.

"आता हासली तं सांग!"

कुठून बळ आलं कोणास ठाऊक. भिंतीकडे पाहत म्हणाले, "बाई अशी नाही रडत जी."

"मंग कशी रडते?"

"पहिले चुलीवरचं उतरवून ठेवते. मंग रडते."

तुम्ही धोतर झटकून बाहेर निघून गेलात. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. दिवसभर मी तुमच्यासमोर आले नाही. पण त्या वर्षी मैदानात राजानं राणीला 'निघ' म्हटलं, तेव्हा तुम्ही लोळण घेतली नाहीत. हातातलं आरतीचं ताट तुम्ही हळूच खाली ठेवलं, त्यातला दिवा विझला नाही ना ते पाहिलं, पदर सारखा केला, आणि मग रडलात. अगदी थोडं. माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "याले कोणं सांगतलं बापा हे?"

घरी येऊन तुम्ही सपरीत सगळ्या पाहुण्यांपुढे सांगितलं, "टाळ्या मले भेटल्या, अक्कल सुनेची व्हय." मी आत भात वाढत होते. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. या घरात माझ्या अकलेचा उल्लेख पहिल्यांदाच झाला होता!

एवढ्यावर थांबला असता तरी तुमचं नाव झालं असतं. पण पुढच्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी तुम्ही दंडारीच्या मंडळाच्या बैठकीत जाऊन म्हणालात, "राणी यंदा माही सून करंन."

मी ते दिलीपकडून ऐकलं. म्हणे, बैठकीत आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले. गावची सून मैदानात? गावची इज्जत? उद्या आपल्या पोरीशी लगन कोण करंन? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "रातच्या नाटकाले नागपूरवरून बाया आणता ना रे? पुढं बसून शिट्ट्या मारता. त्या कोणाच्या सुना नोहेत का? का त्या झाडाले लागल्या?" आणि मग शेवटचा दगड टाकलात, "सून नाही, तं मीबी नाही." मंडळात राणीची गाणी तुमच्याशिवाय कोणाला येत नव्हती. मंडळाला मानावंच लागलं.

सासूबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "आतापर्यंत नवऱ्यापायी मान खाली घातली, आता सुनेपायी घालू का?" आणि मला विचाराल तर मीही घाबरले होते. इच्छा तर केवढी होती! गाणी मला कधीची पाठ होती, धानाची रोवणी करता करता तोंडातल्या तोंडात म्हणायची. पण मैदान म्हणजे मैदान. तुम्ही म्हणालात, "भेव वाटते तं वाटू दे. मलेबी मिशा काढाचं भेवच वाटे."

मग सुरू झाली आपली तालीम. तुम्ही धोतर नेसून मला शिकवत होता, बाई कशी चालते ते! मामाजी, अजून आठवलं तरी पोट दुखतं. मी चालून दाखवलं की तुम्ही ओरडायचे, "राणी हाये का धानाच्या पऱ्ह्याच्या पेंड्या घेऊन बांधीत उतरली?" मी म्हणायचे, "राणीले रानात जाचं हाये जी. तेथं काय गालिचा टाकून ठेवला हाये?" तुम्ही डोकं खाजवायचे, बिडी शोधायचे, आणि म्हणायचे, "बरं. तसंच चाल." तुमच्या हयातभराच्या राणीला तुम्ही माझ्या सांगण्यावरून बदलत होता. किती जणांना जमतं हो हे?

आणि मग तो दिवस.

सीतारामकाका राजा. तुमचे लहानपणापासूनचे जोडीदार, मंडळाचे प्रमुख, नात्यानं माझे चुलतसासरेच. ढोलकी कडाडली, राजा दरबारात आला, आणि मी काय करावं? मोठं माणूस समोर आलं की रोज जे करत होते तेच केलं. पदर ओढला, तोंड झाकलं आणि अंग चोरून बाजूला उभी राहिले! मैदान हसून लोटपोट झालं. काकांची गत माझ्याहून वाईट. तुम्हाला त्यांनी दर मंडईला शिव्या घालून राज्याबाहेर हाकललं होतं, पण समोर मित्राची सून पाहून त्यांच्या तोंडून हुकूम निघेना. 'निघ माझ्या राज्यातून' म्हणायच्या जागी ते हळू आवाजात म्हणाले, "सांभाळून जाजो, बाई."

मग तर विचारूच नका. मागून कोणीतरी ओरडलं, "सुनेले घरी न्या जी!" डोळ्यांपुढे सासूबाईंचं ओढलेलं दार आलं.

तेव्हा तुम्ही उठलात. त्या दिवशी तुम्हाला भूमिका नव्हती, साथीत टाळ घेऊन बसला होता. टाळ खाली टाकून, गोलाच्या मधोमध येऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडलात, "वनिता! तो सीताराम नोहे, राजा व्हय! अन् तू कोणाची सून नोहे, राणी व्हय! काढ तो पदर डोक्यावरचा!"

सासऱ्यानं सुनेला भर मैदानात सांगितलं, डोक्यावरचा पदर काढ! आसपासच्या गावचे पाहुणे होते, सोयरे होते, तुमचे साळे होते. मी पदर काढला. खांद्यावर घेतला. मान वर करून सीतारामकाकांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि गायला लागले. काकांनाही मग राजा सापडला. असा काही ओरडला तो राजा, की मी खरंच घाबरले.

घरी परत आलो, तर दारात पाय ठेवताना माझा हात सवयीनं पुन्हा पदराकडे गेला. तुम्ही मागूनच म्हणालात, "मैदानात काढला, तं घरात कायले घालते?" तेव्हापासून मी घालत नाही. गल्लीतल्या सुनाही एकेक करून घालायच्या बंद झाल्या. कोणी सभा घेतली नाही, भाषण दिलं नाही.

मला अभिमान वाटतो तो नुसता या हिमतीचा नाही. लोक बदलाच्या गोष्टी करतात तेव्हा बहुतेक दुसऱ्यानं काय सोडावं तेच सांगतात. तुम्ही तुमचं स्वतःचं सोडलंत. राणी हीच तर तुमची ओळख होती! ती माझ्या अंगावर घालून तुम्ही साथीत जाऊन बसलात, आणि बाजारात कोणी 'राणीसाहेब' म्हटलं तर म्हणायचे, "राणी आता घरी हाये." मला कधी 'छान केलंस' म्हणाला नाहीत, तेवढं मात्र राहिलं. एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

यंदा रोवणी आटोपली आणि तुम्ही खाट धरलीत. भादव्यात गेलातही. तेरवी झाली, दिवाळी जवळ आली, आणि एका संध्याकाळी सीतारामकाका सपरीत येऊन बसले. मान खाली घालून म्हणाले, "वनिता, यंदा तुमच्या घरी दुख हाये. वरीसभर मैदानात येता येत नाही, रीत हाये. राणी यंदा एका पोट्ट्याले देतो. पुढच्या वर्षी पाहू."

काका वाईट नाहीत, तुमच्या खाटेकडे पाहायचं ते टाळत होते. पण 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणजे काय, ते मला कळत होतं. माझ्या मागून गावातल्या चार पोरी दासी म्हणून तालमीला यायला लागल्या होत्या. माझ्या भरवशावर त्यांच्या आयांनी पाठवलं होतं. मी नाही तर त्याही नाहीत. एकदा राणी पुरुषाकडे गेली, की मंडळातल्या काही जणांना हवं तेच होणार होतं. तुम्ही उघडलेलं दार तुमच्याच सुतकाच्या नावानं बंद! मी दिलीपकडे पाहिलं. ते म्हणाले, "रीत तं हाये." संताप झाला माझा. तुमच्यावरसुद्धा झाला. तुम्ही असता तर एका वाक्यात निकाल लावला असता, आणि नेमके तुम्हीच नव्हता.

आतल्या खोलीचा दरवाजा वाजला. सासूबाई बाहेर आल्या. तुम्ही गेल्यापासून त्या परपुरुषासमोर आल्या नव्हत्या. खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सीताराम, तुहा दोस्त जित्ता होता तं मी लाजेपायी घरी बसली. आता तो नाही तं दुखापायी घरी बसू. मी अजून कितीदा घरी बसू रे?"

काकांनी तोंड वर केलं.

"वनिता जाईन," सासूबाई म्हणाल्या. "अन् मीबी येतो पाहाले."

मामाजी, त्या खरंच आल्या. वर्षाच्या आतली विधवा, मोकळं कपाळ, आणि थेट बायांच्या पुढच्या रांगेत. मागे कुजबूज झाली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. चारी पोरी माझ्या मागे उभ्या होत्या. मी गायले. कशी गायले ते सांगणार नाही, तुम्ही पुन्हा चुका काढाल. पण सगळं गाणं मी एकाच माणसाकडे पाहून म्हटलं, आणि ते माणूस डोळ्याची पापणी न लववता बघत होतं.

गर्दी पांगली तरी त्या तिथंच बसून होत्या. मी जवळ गेले, तर हात धरून मला खाली बसवलं आणि विचारलं, "ते असंच करत का?"

मी म्हटलं, "नाही आई. ते माह्याहून लय सरस करत."

"एवढं चांगलं?"

"याहून चांगलं."

तेव्हा त्या रडल्या. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या. "मंग मी काऊन नाही पाह्यलं वं?" एवढंच म्हणत राहिल्या. मीही रडले, आणि चारी पोरी आमच्याभोवती उभ्या राहिल्या, काय झालं ते न कळून.

काल रात्रीच्या जेवणानंतर त्या मला म्हणाल्या, "अर्जुनीकडच्या गावाईत अजून मंडया बाकी हायेत ना? तेथं राणी बाई करते का माणूस?"

मी म्हटलं, "तिकडं अजून पुष्कळ ठिकाणी माणूसच करतो."

"मंग मले तेथं ने," त्या म्हणाल्या. "माणूस राणी कसा करते ते मले एकदा पाहाचं हाये."

मामाजी, मी नेणार आहे. शब्द देते. दिलीपला भारी धान कापायला ठेवून आम्ही दोघीच जाऊ, स्कुटीवर. पुढच्या रांगेत बसू. तो कोण कुठला राणी झालेला माणूस मैदानात येईल, तेव्हा मी त्यांच्या कानाशी लागून सांगत जाईन, मामाजी इथं असे वळत, इथं असे थांबत, आणि हे जे तो करतो आहे ना आई, ते त्यांना याच्याहून कितीतरी बरं यायचं.

तुमची सून, आणि तुमच्यानंतरची राणी,
वनिता